मागचं पान

उमदीच्या रस्त्याला, पत्र्याच्या त्या शाळेत
फळ्याच्या वर एक बाई टांगलेली होती.
कपाळाभोवती पांढरं, बाकी सगळं काळं,
डाव्या खांद्यावर
वर्षातून दोनदाच गळणाऱ्या पत्र्याचा डाग.
खाली नाव : मदर अदेलिना.
आमच्या जिभेला ते वळेना.
आम्ही तिला फोटोतली अव्वा म्हणायचो.

सिस्टर एफिजिन रुमाव, वसईची,
केळीच्या बागांतून आमच्या कुसळांत आलेली,
सांगायची, ही अव्वा लेस विणणाऱ्यांच्या घरातली.
मुलींनी विणून आणलं की आधी उलटं करून बघायची.
सुलटं सगळ्यांचंच छान असतं गं,
गाठी मागं असतात.
सिस्टरला हे तिच्या सिस्टरनं सांगितलेलं,
तिला आणखी कुणी.
खरं किती, देव जाणे.
अव्वाची पत्रं आमच्यात कुणीच वाचलेली नव्हती.

पण वह्या तपासायला घेतल्या
की एफिजिन सिस्टर त्या मागून उघडायची.

पुढं माझा वळणदार निबंध, 'आमचे गाव'.
मागं, मराठी अक्षरांत घरची कानडी :
सोमवारदिंद बरूदिल्ल.

सिस्टरला कानडी येत नव्हतं.
वही घेऊन गेली खिचडीवाल्या काशव्वाकडं.
काशव्वाला अक्षर येत नव्हतं.
एकीनं वाचायचं, दुसरीनं समजायचं,
अशी दोघींनी मिळून माझी एक ओळ वाचली.
"सोमवारपासून येणार नाही म्हणते, निंगव्वा."

सोमवारी आई-बा ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर चढले.
मी बसव्याला कडेवर घेऊन दारात.
तिनं समजावलं नाही काही.
नायलॉनची दोरी आणली, जुनी चादर आणली,
वर्गातल्या लोखंडी अँगलला झोळी बांधली.
तीन एके तीन, एक झोका.
तीन दुणे सहा.
बसव्या आता एसटीत कंडक्टर आहे,
सुट्टे मोजताना अजून डुलतो.

गाव म्हणायचं, पोरींच्या गळ्यात क्रॉस घालतील.
माझ्या गळ्यात पडली ती ही एवढी खोड.

सिस्टरची बदली झाली.
मग बऱ्याच वर्षांनी, ती गेल्याचं पोस्टकार्ड.
मी झेडपीच्या शाळेत, चौथीला.
माझ्या फळ्यावर फोटो वेगळे आहेत.
चाळीस वह्या मागून उघडते :
क्रिकेटचा स्कोअर, कुणाचा तरी मोबाईल नंबर,
बाण घुसलेला बदाम,
एकदा नुसतंच 'भूक', नऊ वेळा,
आठव्यांदा ऱ्हस्व.

आज इराण्णाच्या वहीला
शेवटचं पान नाही.
फाडलंय. पट्टी लावून, अगदी सरळ.
शिवणीत कागदाची बारीक धार तेवढी राहिलीय,
ती मी बोटानं चाचपत बसते.

घंटा होऊन गेलीय.
उरलेल्या वह्या उद्या.
चप्पल घालते.
इराण्णाची वस्ती तळ्यापलीकडं आहे म्हणतात,
काशव्वाच्या नातवाला विचारावं लागेल.