बुडीत खाती

मिरजेच्या बँकेत एकतीस वर्षं
उभे-आडवे आकडे जुळवले
आणि निवृत्तीनंतर मेटगुताडला,
वेण्णा तलावाच्या अंगाला,
साडेतीन गुंठे घेतले. खोलगट जागा.
खोलगट म्हणूनच स्वस्त,
हे व्यवहारात कुणी बोललं नाही.

पहिल्या डिसेंबरात
खताच्या कंपनीनं फुकट दिलेला तापमापक
ओसरीच्या भिंतीला ठोकला, वही आखली:
तारीख, किमान, झाड, शेरा.

नऊ तारीख. सहा अंश. क्रोटन ठीक.
अकरा तारीख. सहा अंश.
क्रोटन काळं, उकडलेल्या भाजीसारखं लोंबतंय.
आकडा तोच!
बँकेत असं झालं असतं
तर रात्री दहापर्यंत कुणी घरी गेलं नसतं.

कोंडाबाई ढेबे खुरपं घेऊन आल्या,
झाडाकडे नाही, भिंतीकडे बघितलं.
"ह्यो भिंतीची थंडी मोजतोय.
झाडं काय भिंतीवर हायत?"

मग काठी रोवली, घोट्याच्या उंचीला तापमापक बांधला.
पहाटे बॅटरी मारून वाचलं: एक.
आणि भोवतीचं सगळं गवत
आमच्या कृष्णाकाठच्या क्षारपड रानासारखं
पांढरं फुटलेलं.

"थंडी पाण्यावानी असती," कोंडाबाई म्हणाल्या,
"उतारानं येती, कुंपणाला अडती, डबकं करती.
तुमी डबक्यात ऱ्हाताय."
खालच्या मेंदीत त्यांनी दोन हात खिंडार पाडलं.
मला वाटलं, गुरं येतील.
त्या म्हणाल्या, "थंडीला जायाला वाट."

वहीत रकाने वाढत गेले.
आभाळ: उघडं की ढगाळ.
वारा: पडला की चालू.
माती ओली होती का संध्याकाळी.
दिवाळीत हौसेनं युरिया कुणाला घातला,
कारण तोच लुसलुशीत फुटवा आधी करपला,
आणि ज्या बोगनवेलीला मी साफ विसरलो होतो
ती राठ, काटेरी, उभीच्या उभी.
हायड्रेंजियाला तर काही झालंच नाही.
मी त्याच्यासाठी गोणपाट आणून ठेवलं होतं.

जानेवारीत जास्वंद गेली.
लाल शाईनं लिहिलं: बुडीत.
कात्री घेऊन निघालो तर बाईंनी हात धरला.
"जळकं ऱ्हाऊ द्या. खालच्या डोळ्यांला
तेवढंच पांघरूण."
आणि बुंध्याला नख लावून दाखवलं:
सालीखाली हिरवी रेघ,
एवढीशी, ओली.

शिमगा झाल्यावर
जमिनीपासून चार बोटांवर कोंब आला.
एकतीस वर्षांत एकाही बुडीत खात्यानं
आपण होऊन दार वाजवलं नव्हतं.
तेव्हापासून शेरा पेन्सिलीनं लिहितो.

मोगरा मिरजेच्या दारातला,
एसटीत मांडीवर धरून आणलेला.
त्यालाही नख लावलं. तपकिरी.
वितभर खाली. तपकिरी.
मातीला टेकून. तपकिरी.
चैत्र गेला. मी पाणी घालत राहिलो,
नखात साल अडकत राहिली.
एक दिवस कोंडाबाई झारी काढून घेत म्हणाल्या,
"न्हाई आता."
एवढंच. त्यांनाही आवडत होता वास.

आठवड्यानं त्याच कुंडीत
घेवड्याची दोन जाड पानं माती डोक्यावर घेऊन वर आली.
मी काही विचारलं नाही.
"कुंडी कशाला वाया घालवायची," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

वही उघडली. नवी ओळ: घेवडा.
किमान?
"मोकळं सोडा," त्या माती दाबत म्हणाल्या,
"ह्येनं अजून थंडी बगितलीच न्हाई."