सटवाजीची अक्षत

धारूरच्या बसस्टँडसमोर माझं डीटीपीचं दुकान.
लग्नपत्रिका, बायोडाटा, सातबाऱ्याची झेरॉक्स,
आणि गेल्या दिवाळीपासून नारोभट.

मुसळे सर मोडीवरून उतरवतात, मी टाइप करते,
पानाला वीस रुपये, उधारीवर.
नारोभट म्हणजे किल्ल्याखालच्या देवळाचा पुजारी,
शके सोळाशे नव्वदच्या आसपासचा.
सकाळी अभिषेक, दुपारी कुणाचं तरी श्राद्ध,
संध्याकाळी पुराण,
आणि रात्री, जुन्या पंचांगांच्या पाठकोऱ्या बाजूंवर,
हे.

हे म्हणजे काय, ते सरांनाही सांगता येत नाही.
बखर नाही, कारण एकही लढाई होत नाही.
पोथी नाही, कारण फलश्रुती पहिल्याच पानावर:
‘वाचणाराचे डोळे दुखतील.’

गोष्ट एवढीच. सटवाजी नावाचा एक माणूस
मामाला लग्नाची अक्षत द्यायला अंबाजोगाईला निघतो.
पहिल्या बाडात त्याचं पागोटं सापडत नाही.
दुसरं बाड सगळं त्या पागोट्याच्या रंगाऱ्यावर.
तिसऱ्यात रंगाऱ्याच्या सासूचे दात,
ते किती, यावर दोन शास्त्र्यांचा वाद,
सासूला तोंड उघड असं कुणीच म्हणत नाही.
सातव्या बाडात सटवाजी वेशीपाशी पोचतो
आणि सीताफळ खायला बसतो.
बिया मोजतो.
मी त्या टाइप केल्या. त्रेसष्ट.

गावातल्या शहाण्यांनी तक्रार केली म्हणे,
याच्या पुराणात हसू आधी येतं, देव फार उशिरा.
नारोभटानं तक्रारही गोष्टीत घातली,
खाली उत्तर:
‘देव जागेवरच आहे. उशीर आपल्याला होतो.’

नवव्या बाडाच्या समासात, बारीक अक्षरात:
‘खोकल्यात आज तांबडं.
वैद्य म्हणतो, गोष्ट आटप.
सटवाजी पोचला, की मला काय काम?’
हे टाइप करताना मी पंखा बंद केला.
काहून, ते माहीत नाही.

मी गिरणीतून उशिरा आले की आई म्हणायची,
‘आली का सटव्याची अक्षत!’
मला वाटायचं, सटव्या मागच्या गल्लीतला कुणीतरी,
दारू पिणारा.
आईला वाचता यायचं नाही. तिच्या आईलाही.

आता चूक.
शिनगारेंच्या पोरीची पत्रिका आणि दहावं बाड
एकाच स्क्रीनवर उघडं होतं. लाइट गेली, आली,
कॉपी केलेलं कुठं चिकटलं ते बघितलंच नाही.
चारशे पत्रिका छापून, वाटून झाल्यावर कळलं.
तळाला, ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’च्या जागी
नारोभट:
‘मामा, निघा. घाई मात्र नको.
घाईनं आलेला पाहुणा आधी जेवतो
आणि मग विचारतो, लग्न कुणाचं.’

शिनगारे आले तेव्हा मी पैसे काढूनच ठेवले होते.
ते म्हणाले, पोरीचा मामा चौदा वर्षं बोलत नव्हता,
बांधावरून.
पत्रिका वाचून त्यानं फोन केला,
बराच वेळ नुसता हसत होता,
मग म्हणाला, निघालो.
अंबाजोगाईचा मामा.
आला तो अक्षता पडून गेल्यावर.
आधी जेवला.

सरांना हे मी सांगितलं नाही.
प्रस्तावनेत त्यांनी ‘प्रभाव’ नावाचं प्रकरण लिहिलंय,
अडीच पानं. सार असं, की प्रभाव आढळत नाही.
मी ते तसंच टाइप केलं.

शेवटच्या बाडात सटवाजी वेशीबाहेर एक पाऊल टाकतो.
वहाणेत खडा. वाकतो.
पुढचं पान नाही.
सर म्हणाले, इथं पूर्णविराम दे.
देते म्हटलं, एवढं गिऱ्हाईक होऊ द्या.

काका, आधार कार्डाची एकच बाजू,
का दोन्ही?