बिलबुकाच्या पाठीवर

अवसेचं उधाण खाडीतून वर आलं,
मागच्या दारानं घरात शिरलं
आणि शरफुद्दीन हुर्जुकांच्या कपाटाच्या
खालच्या दोन फळ्या ऐकून गेलं.

कव्हरांचा लगदा झाला. लेबलं सुटली,
खवल्यांसारखी फरशीला चिकटली.
तबकड्या तेवढ्या राहिल्या, काळ्या, निनावी, खाऱ्या.
आम्ही त्या विहिरीच्या पाण्यानं धुतल्या,
काथ्याच्या बाजेला टेकून उभ्या केल्या.
दुपारी ऊन फिरलं ते लक्षात आलं नाही.

दोहाहून पुतण्यानं, मुनीरनं, यादी पाठवली:
जॅझच्या शंभर तबकड्या,
ज्यांच्यावाचून संग्रह म्हणजे नुसती अडगळ.
"यातल्या असतील त्या ठेवा चाचा, बाकी भंगारात."
मी वाचून दाखवली. चाचांच्या एका डोळ्यावर पट्टी,
मोतीबिंदू काढून चारच दिवस झालेले.
शंभरातल्या नऊ त्यांच्याकडे होत्या.
नवातल्या कुठल्या बुडाल्या, विचारणार कुणाला?
"आता आपली लिही," म्हणाले.

माझ्या खिशात मोटार रिवाइंडिंगचं बिलबुक.
पुढे नग, दर, एकूण. मागे कोरं.

रेकॉर्डप्लेअरचा पट्टा मीच बसवलेला, शिलाई मशीनचा.
जरा ढिला आहे,
त्यामुळे सगळे वादक जैतापुरात
दोन मिनिटं उशिरा घरी पोचतात.

"ही कोबेची. पाऊण पगार गेला होता.
झांजेवर तारेची कुंचली फिरते, ऐक,
हिराच्या केरसुणीनं सारवलेलं अंगण झाडावं तशी.
लिही: झाडणारी."

"ही बघ, ट्रम्पेटच्या तोंडाला बूच.
माणूस रागावलाय, पण घरात कुणीतरी झोपलंय.
तेच लिही."

तिसरीत पियानोवाला वाजवता वाजवता गुणगुणतो. बेसूर.
"आमच्या इंजिनरूममध्ये चितगावचा तेलवाला होता,
तोही असाच गायचा.
स्वतःचा आवाज ऐकू यायचा नाही, म्हणून गायचा."

चौथी दोनदा लावली.
"काय ते नंतर बघू. जागा सोड."

मी भजनात मृदंग वाजवतो. मला सम लागते.
इथे मांडीवर हात पडतो आणि तिथे काहीच नसतं.
सम येताना बघून हे लोक बाजूला सरकतात,
एसटीत मास्तर चढल्यावर पोरं सरकतात तसे.
चाचा हसतात. "आडिवरेकर,
होडीतून जेटीवर पाय टाकताना लाट मोजतोस?
थोडी जाऊ देतोस ना?"

मग सहा, सात, अकरा.
एकीत ऐकणाऱ्यांतलं कुणीतरी खोकतं,
लांब कुठेतरी ग्लास ठेवला जातो.
त्या खोकल्यावरून चाचांनी तबकडी ओळखली
आणि पाहुणा आल्यासारखे नीट उठून बसले.

शेवटची उन्हात वाकलेली, पापडासारखी.
सुई चढते, उतरते,
बेसवाला भरतीत, सॅक्सोफोन ओहोटीत.
कुणाची, आठवत नव्हतं.
रॉटरडॅमला एका बाईनं जुन्या भांड्यांच्या गाडीवरची
फुकट दिली होती, पाऊस आला म्हणून.
मुनीरच्या यादीत ती असेल असं वाटत नाही.
"पहिली ही लिही. बाकीच्या एकेक खाली घे."

मी आकडे खोडत होतो तेवढ्यात लाइट गेली.
सॅक्सोफोन खाली खाली गेला,
म्हातारा झाला, बसायला जागा शोधू लागला,
तेव्हा चाचांनी चाचपडत
तबकडीच्या कडेला बोट लावलं आणि फिरवत राहिले.
आवाज नुसत्या सुईचा, डासाएवढा,
कधी पळणारा, कधी रेंगाळणारा,
त्यांच्या दमानं.

माझा हात मांडीवर पडला.
एकदा बरोबर पडला.

"हे नको लिहू," म्हणाले.