एकवीस पुंगळ्या

चिंच रात्रीच भिजत घातली होती,
मूठभर, मागच्या सालची, काळी पडलेली.
विकतची पावडर मामंजी आणू देत नाहीत.
"दारव्ह्याले साठ रुपयाची डबी भेटते.
आन् चिंच आपल्या धुऱ्यावर फुकट झडते."

सकाळी परातीत ओतल्या पुंगळ्या,
बारा बोअरच्या, पितळी,
आतून काजळलेल्या, बंद घरातल्या चुलीसारख्या.
कोमट पाणी, रिठ्याचा फेस, चिंचेचा कोळ.
देवाची भांडी आधी निघाली त्याच कोळातून.
सासूबाईंना सांगितलेलं नाही.

मीठ चिमटीभर. वर नाही.
जास्त मुरलं की पितळ गुलाबी पडतं,
दिसतं गोड,
पण जस्त निघून गेलेलं असतं त्यातलं.
माहेरी कल्हईवाला हुसेनी चाचा सांगायचा,
"गुलाबी पितळेवर भरवसा नको, बेटी."
तो समईबद्दल बोलत होता.

धुऊन, जुन्या लुगड्यावर उन्हात वाळवून,
मग डालड्याचा डबा, तुरीची कोरडी फोलकटं,
त्यात पुंगळ्या, झाकणाला सुतळी,
आणि डबा पायानं लोटत राहायचा अंगणभर,
हातानं अंबाडी निवडत.
खडखड ऐकून कुडापलीकडून चंद्रकला विचारते,
"काय दळून राह्यली वं?"
"डुकरं," म्हणते मी.

शेवटी एकेक टाकायची दगडावर
आणि ऐकायची,
बाजारात मडकं वाजवून घेतो तशी.
टिण्ण, ठेवायची.
ठक, म्हणजे तोंडाशी चीर, केसाएवढी,
डोळ्याला न दिसणारी. ती बाजूला.
मामंजींना हा फरक आता ऐकू येत नाही.
चाळीस वर्षं बंदुकीशेजारी राहिला उजवा कान.
ते माझ्या तोंडाकडे बघत बसतात.
मी मान हलवते, तेव्हा ठरतं
कोणती पुन्हा भरायची.
परवान्यावर नाव त्यांचं आहे.

वहीत बावीस. लुगड्यावर एकवीस.
पऱ्हाटीच्या ओळी पालथ्या घातल्या दुपारभर,
डुकरांनी उकरलेल्या मातीत बोटं घातली,
एक गोगलगाय मिळाली, एक जुनं बटण.

दिवस बुडताना सालदाराचा भिवसन
नाल्याकडून आला, काहीतरी ओठाला लावून फुंकत.
लांब, पोकळ आवाज,
कुठल्याच पाखराचा नसलेला.
मामंजींनी डावा कान वळवला.
"कोन वाजवून राह्यलं?"
"होला असंल," मी म्हटलं.
"होला असा नाही बोलत."
पण ते उठले नाहीत.
आवाज नाल्याच्या वळणापर्यंत गेला,
परत आला, पुन्हा गेला.

कंदील पुसून मी वही उघडली.
लिहिलं: एक तडकली.
त्यांनी खाली अंगठ्याएवढी सही केली,
न वाचता, की वाचून, कळलं नाही.

पितळेचा वास हाताला दोन दिवस राहतो.
भाकरीलाही आला.
जेवताना कोणी काही बोललं नाही.