कमरेच्या उंचीवरून

शनिवारच्या बाजारात कुलपं, अडकित्ते, आकडे झिजलेली वजनं
आणि त्यांच्यात हा, एकावर एक दोन डोळे,
खालच्या डोळ्यात बुरशीचं जाळं.
किलोवर घेतलीस तर स्वस्तात जाईल, विकणारा म्हणाला,
कॅमेरा म्हणून घेतलीस तर बाराशे.
मी बाराशे मोजले.

शहापुरात दस्तगीरचाचांनी तो घड्याळांच्या गर्दीत उघडला.
शटरची पाती डिंकानं जोडल्यासारखी. लायटरच्या पेट्रोलात धुतली,
पुसली, परत चिकटली, परत धुतली.
अकरा दिवस पोस्टातून सुटले की मी त्यांच्या बाकावर.
एक स्प्रिंग उडून भिंतीकडं गेली
तेव्हा ते जे बोलले ते तीन भाषांतलं होतं.
बाराव्या दिवशी खट् झालं. खट्‌सुद्धा नाही,
जीभ टाळूला लागून सुटावी तेवढंच.
दिवसभर शिक्के मारणारा माझा हात ऐकत राहिला.
चाचा म्हणाले, पुढच्या खेपेला घड्याळ आण.

वरचं कातडं सोललं होतं. अथणीहून चपला आणणाऱ्या गंगव्वानं
पट्ट्यांतून उरलेला तुकडा दिला, नखानं माप घेऊन.
आता त्याला कोऱ्या चपलेचा वास आहे.
कँपात दोन कुत्री माझ्यामागं आली, पार मासळीबाजारापर्यंत.

एका रोलात बारा. बाराच.
रोल नऊशेचा, म्हणजे एक फोटो पंच्याहत्तर, धुलाई वेगळी.
गोकाकचा धबधबा पंच्याहत्तरचा आहे का?
आहे. खरं त्या दिवशी पाणी नव्हतं.
काढला नाही. उभ्यानं कणीस खाल्लं, परत आले.

ह्यात बघायचं ते वरून, पोटाशी धरून,
दुधी काचेवर. तिथं डावं उजवीकडं जातं.
निपाणीहून आलेली गाडी निपाणीलाच निघते.
खडे बाजारात एका दुकानाची पाटी धरली:
वर गोल कानडी, खाली रेघेला लोंबणारी आपली.
काचेत दोन्ही उलट्या. एकही लागेना.
शाळेत न गेलेल्या पोरीसारखी बघत राहिले.
कुठली वर, कुठली मोठी, हे सुचलंच नाही.
मग मान वर केली,
आणि सुचलं.

खानापूरला, कौलांच्या भट्टीपाशी, ऊन कललेलं.
यल्लव्वा राखेशेजारी बसलेली. मी समोर, मान खाली.
"फोटो काढायलीस की पाया पडायलीस?"
उजेड कमी. सेकंदाचा पंधरावा हिस्सा.
मराठीत म्हटलं, हलू नका. कानडीत म्हटलं.
ती दोन्ही भाषांत हलली.

बेंगळूरहून रोल तीन आठवड्यांनी आला. बारातले सात.
पाटी आलीच नाही, तिथं नुसता पांढरा पट्टा,
गंगव्वाच्या तुकड्याच्या कडेतून शिरलेला उजेड.
चाचांचा हात आलाय, चाचा नाहीत.

यल्लव्वाला तिचा नेऊन दिला.
मातीचे हात लुगड्याला पुसून तिनं तो कडेनं धरला, लांब धरला.
भट्टीची वीट न् वीट आली होती, धुराची गाठसुद्धा.
"भट्टी झ्याक आलीया," म्हणाली.
मग बोट न लावता कोपऱ्याकडं दाखवलं:
"आणि हे कोण म्हणायचं, हलायलंय ते?"