किती आटे

भिकन झिपरू बाविस्कर, वय अठ्ठावन्न,
धरणगावात पाणी सोडणारा वॉलमन.
उजवीकडे हर्निया. तीस वर्षं लोखंडी चावीला
पोट लावून जोर केलेला.
पाठीचे मणके एकमेकांत सांधलेले,
म्हणून कण्यात सुई नको, पूर्ण झोपवायचं ठरलं.

आदल्या संध्याकाळी त्यानं विचारलं,
डॉक्टरीणबाई, तुमचं औषध बंद काय करतं?
बंद नाही, म्हटलं, उघडतं.

पेशीच्या पातळ भिंतीत पाच प्रथिनं बसलेली असतात,
पारावर बसावीत तशी, खांद्याला खांदा लावून.
मधोमध भोक.
मेंदूचाच एक निरोप्या येऊन हात लावतो,
भोक उघडतं,
मिठातला अर्धा हिस्सा आत उतरतो
आणि पेशीला बोलायचा कंटाळा येतो.
माझं औषध दोन खांद्यांमधल्या तेलकट फटीत
अंग चोरून बसतं.
दार उघडणारा दुसराच.
हे फक्त उघडलेलं लवकर मिटू देत नाही.

घट्टे पडलेली मूठ त्यानं हवेत फिरवली.
"उघडा का बंद व्हस? असा वॉल मी नही दखा."
मग हसू आवरून: "किती आटे?"
मी वजन विचारलं. साठ किलो.
एकशे वीस मिलिग्रॅम, सावकाश.

एक सांगायचं राहिलं, किंवा टाळलं.
त्या भोकापासून माणसाच्या 'मी'पर्यंत
लाइन कुठून गेली आहे, याचा नकाशा
अजून कोणाच्या कपाटात नाही.
एरंडोल रस्त्याखालचा जुना पाइपही
त्याला तळपायानंच कळतो म्हणा.

सकाळी सिरिंजमध्ये दुधासारखं पांढरं.
"हात चुरचुरी राहिना."
चुरचुरेल थोडं. गल्ल्या मोजा दादा,
पाणी सोडता त्या क्रमानं.
तेली गल्ली.
माळीवाडा.
बेल...

पापणीला बोट लावलं. हललं नाही काही.
नव्वद मिनिटं त्याचा श्वास माझ्या जिम्मेवर,
हिरव्या रेघेवर,
भिंतीवरच्या पंख्याला कोणीतरी बांधलेल्या लाल दोऱ्यावर.

मग औषध थांबवलं. त्याला कोणी हाकलत नाही,
ते रक्तातून यकृताकडे निघून जातं;
फटी मोकळ्या होतात,
दारं आपल्या जुन्या सवयीनं मिटू लागतात.
नळी काढली. खोकला. जीभ कोरडी.

"...दार गल्ली," तो म्हणाला.

मी घड्याळाकडे पाहिलं.
त्याला घड्याळाशी काही देणंघेणं नव्हतं.
"आते पाणी कोनी सोडं?"