नाट्याटोम

चारांचं एक घर.
चार दुर्र्या, चार गुलाम, चार राण्या.
घर पुरं झालं की पालथं घालून मांडीखाली दाबायचं,
नाहीतर हर्णैचा वारा पानं उचलून न्यायचा.
मुबीनाच्या पडवीत तो बंदरावरून थेट यायचा,
सुकटीचा वास आणि लिलावाचे आकडे घेऊन.

नाव घेऊन विचारायचं:
हरेश, किलवर राणी आहे?
असेल तर मुकाट द्यायची.
नसेल तर, नाट्याटोम.
एका दमात म्हणायचो.
ते तीन शब्द आहेत
हे मला आठवीत कळलं.

खोटं बोलायचं नाही, एवढाच नियम.
कुंदा एकदा बदाम छक्कीवर बसून राहिली होती,
तिला आम्ही दिवाळीची अख्खी सुट्टी
नुसती पिसायला ठेवली.

आमच्या कॅटात चौकट सत्ती नव्हती.
होडीत खेळताना गेली.
हरेश अजून म्हणतो, माझ्या हातून नाही.
म्हणून सत्त्यांचं घर तिघींवरच पुरं धरायचो,
कुणाची तक्रार नव्हती.

त्या मे महिन्यात मुबीनाचं दार लोटलेलं असायचं.
एरवी आम्ही पाण्यासाठी थेट माठापर्यंत जायचो,
आता तिची अम्मा तांब्या बाहेर आणून द्यायची
आणि रिकामा होईतो दारात उभी राहायची.
अझीमभाई फेब्रुवारीत दुबईला गेला होता,
गळ्यात हार, एस.टी.पर्यंत अर्धा मोहल्ला.
खुशाली आली का, असं कुणी विचारलं
की अम्मा म्हणायची, आली ना,
तिकडे ऊन फार आहे.

पण मागच्या दोरीवर त्याची चौकड्याची लुंगी वाळायची.
आणि आत कुणीतरी खोकायचं,
तोंडावर उशी धरून खोकावं तसं.

मग एका दुपारी पानं वाटली
आणि मुबीनाच्या हातात एक पान पांढरं निघालं.
नव्या शर्टाच्या आतला पुठ्ठा, नीट कापलेला,
कोपरे गोल केलेले,
लाल बॉलपेनने सात चौकट,
सातही सारखे, पट्टी लावून.
मी काढलं, मुबीना म्हणाली.
तिने शाळेत काढलेला आंबा
बाईंनी वांगं म्हणून तपासला होता.
आम्ही तिघांनी एकदम दाराकडे बघितलं
आणि एकदम पानांत.

माझ्याकडे तीन सत्त्या होत्या.
असं हातात कधी येत नाही.
विचारायचं नव्हतं, तरी जिभेवर आलंच:
मुबीना, चौकट सत्ती आहे?

ते पान तिच्या हातात उन्हात चमकत होतं,
बाकीच्या मळक्या पानांहून बोटभर उंच.
आत खोकला मध्येच थांबला.
ती माझ्याकडे बघत म्हणाली,
नाट्याटोम.

हरेशने तोंड उघडलं.
कुंदाने, त्याच कुंदाने,
त्याला कोपराने ढोसलं आणि म्हणाली,
चला, आता मुबीनाची पाळी.

तिने माझ्या तिन्ही सत्त्या मागून घेतल्या,
एकेक करून.
मी दिल्या.
तिने घर मांडीखाली दाबलं.

तो विमानात बसलाच नव्हता,
हे पुष्कळ उशिरा कळलं.
मुंबईत एका लॉजवर एजंटाची वाट बघत
दीड महिना, मग रात्रीच्या गाडीने परत.

गणपतीच्या आधी होड्या सुटल्या
तेव्हा तो बंदरावर आला, भर लिलावात,
दाढी केलेली, रंग केळीच्या गाभ्यासारखा उतरलेला.
माणसं बोलायची थांबली.
माझ्या बाबांनी बर्फ फोडता फोडता विचारलं,
कधी आलास रे?
परवाच.
ऊन फार असेल तिकडे.
फार, तो म्हणाला.
बाबांनी बांगड्याची टोपली उचलली,
हात लाव, म्हणाले,
आणि त्याच्या डोक्यावर ठेवली.